पान्याच्या तोंडातला गूळ

माझा उजवा हात मनगटाच्या वरपासून नाही. बाजारात नवी बाई आली की आधी त्या जागेकडे पाहते, मग माझ्या तोंडाकडे, अन् विचारायची हिंमत होत नाही म्हणून भेंडीचा भाव विचारते. मी भेंडी विकतच नाही. मी वांगी विकते.

आता वय झालं, तेव्हा एकदा सगळं सांगून टाकते. नात लिहून घेते आहे. ती शिकलेली, म्हणून माझं ‘मले’ खोडून ‘मला’ लिहिते. लिहू दे. पण तेव्हा माणसं जे बोलली ते तसंच ठेवायचं, असं मी तिला बजावलं आहे. मेलेल्या माणसाच्या तोंडचे शब्द सरळ करायचा हक्क हिला कोणी दिला?

गोष्ट हाताची आहे, पण बोल्ट आवळायच्या पान्यांपासून सुरू करावी लागेल. आमचे घरधनी खामगावला एका जीनमध्ये फिटर होते. कापूस आत जायचा, सरकी खाली पडायची, रुई पुढे निघायची, अन् त्या सगळ्या मशिनींचे बोल्ट सोडणं-आवळणं यांचं काम. वऱ्हाडचा कारभार तेव्हा मध्यप्रांतासोबत चालायचा. मोठे साहेब नागपुरात बसत म्हणे. आम्हाला साहेब एकच ठाऊक, जीनचा म्यानेजर.

घरधन्यांचा पान्यांवर फार जीव. संध्याकाळी पेटी घरी आणायचे अन् एकेक पाना फडक्यानं पुसत बसायचे. मी म्हणायची, मला पाहायला आले होते तेव्हा इतकं निरखलं नव्हतं. ते हसायचे अन् मलाच शिकवायला लागायचे. बोल्टाचं डोकं आधी पाहायचं, मग पाना उचलायचा. उघड्यावरच्या बोल्टाला साधा दोन जबड्यांचा पाना चालतो. डोकं खड्ड्यात बसवलेलं असलं तर नळीपाना लागतो, म्हणजे लोखंडाची नळी, तिच्या टोकाला डोक्याच्या आकाराचं तोंड. सहा कोनाच्या डोक्याला सहा कोनाचं तोंड, चार कोनाच्याला चार. एक वाक्य तर त्यांचं पाठच होतं: “पाना बोल्टाले टोपीसारखा बसला पाह्यजे. हालला तं मोठा, कोंबा लागला तं लहान. दोन्हीत बोल्ट मरते.”

बोल्ट मरतो म्हणजे त्याचे कोन झिजून डोकं गोल होतं. मग त्याला कोणताच पाना धरत नाही.

ते लढाईचे दिवस होते. विलायतेहून येणारे सहा कोनी बोल्ट यायचे बंद झाले. जुना बोल्ट तुटला की खामगावचाच एक लोहार चौकोनी डोक्याचा ठोकून द्यायचा. त्यातही त्यानं एकदा बारीक डोक्याचे केले, एकदा जाड डोक्याचे, अन् दोन्हींसाठी दोन नळीपाने करून दिले, एक लहान, एक मोठा. त्यामुळे एकाच मशिनीवर एक बोल्ट विलायती अन् दुसरा आमच्या लोहाराचा, असा संसार. घरधन्यांना प्रत्येक डोकं पाठ होतं.

खंडेनवमीला जीनमध्ये अवजारांची पूजा व्हायची. मोठा पाट मांडायचा, त्यावर हातोडे, छिन्न्या, कानशी अन् सगळे पाने ओळीनं. तेलात कालवलेला शेंदूर, हळदकुंकू, झेंडूची फुलं. आता नैवेद्य सगळेच दाखवतात, पण आमच्या जीनच्या फिटरांची रीत न्यारी. त्यांचं म्हणणं, पान्याला तोंड आहे तर घास तोंडातच द्यावा. वर्षभर लोखंड चावतो बिचारा, एक दिवस गोड खाऊ दे. म्हणून प्रत्येक नळीपान्याच्या तोंडात गूळ दाबून भरायचे अन् वरून शेंदराचं बोट फिरवायचे. त्या वर्षी माझ्यादेखत घरधन्यांनी एकेकाला घास भरवला. मी म्हटलं, मला तर कधी भरवला नाही. बाजूचे लोक हसले अन् यांचे कान लाल झाले.

पूजेनंतर पाने जिथल्या तिथे टांगायचे, अन् मोसम लागला की जसजसा जो लागेल तसतसा तो धुऊन घ्यायचा. एरवी त्यात काही बिघडत नव्हतं, कारण मोसमाला अवकाश असायचा.

दसऱ्याला सकाळी नव्या कापसाचा मुहूर्त. पहिल्या वेचणीचा थोडासाच कापूस, एक मशीन घटकाभर चालवायची, नारळ फोडायचा, पेढे वाटायचे. पहिली ओंजळ सवाशिणीच्या हातची पाहिजे. त्या वर्षी मान माझ्याकडे आला. फिटरची बायको, घरात वर्षाची पोरगी, सगळं साग्रसंगीत. रोज कामाला येणाऱ्या बाया लुगड्याचा पदर कमरेला करकचून खोचून येतात. मी मान घ्यायला आलेली. नवं लुगडं, खळीनं कडक, पदर खांद्यावरून मोकळा. कोणी म्हणालं नाही की पदर खोच बाई. सणासुदीला सवाशिणीला असं कोण म्हणतं?

पोरगी मी शेजारणीच्या कडेवर दिली. ओंजळ भरली. मशिनीत चामड्याचा रूळ फिरतो अन् त्याला चिकटून लांब पातं असतं. रूळ कापूस ओढतो, पातं सरकी अडवतं. मी कापूस टाकला अन् वाकलेलीच राहिले, कारण पदराचं टोक कापसाबरोबर आत गेलं होतं. मी उजव्या हातानं पदर ओढायला गेले. रुळाला काय, कापूस काय अन् हात काय.

मशीन फिरवणाऱ्या पट्ट्यापाशी एक म्हातारा कामगार असायचा, त्यानं लगेच पट्टा उतरवला म्हणून कोपरापर्यंत गेला नाही. मशीन थांबली तेव्हा माझा हात मनगटापर्यंत रूळ अन् पातं यांच्या मधे होता. वरून पदराची गुंडाळी आवळलेली. रक्त फार नव्हतं. कळ अशी की मला वाटलं डोळे बाहेर येतात. मी ओरडले की नाही ते आठवत नाही. पोरगी ओरडली ते आठवतं.

कोणीतरी रूळ उलटा फिरवून पाहिला. पातं आणखी रुतलं. मी अशा शिव्या दिल्या की पेढे घेऊन उभे असलेले लोक मागे सरकले. मग घरधनी आले. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं अन् नंतर पाहिलं नाही, मशिनीकडेच पाहत राहिले. पातं एका पट्टीत बसवलेलं, अन् पट्टी दोन टोकांना दोन बोल्टांनी धरलेली. दोन्ही बोल्ट सोडले की पातं उचलता येतं. रूळ काढायचा तर सगळी मशीन खोलावी लागली असती. दोन बोल्ट, एवढंच काम. दोन्ही खड्ड्यातले. नळीपान्याशिवाय इलाज नव्हता.

डावीकडचा सहा कोनी होता. त्याचा पाना मोठ्या तोंडाचा. त्यातला गूळ भिंतीवर आपटल्याबरोबर गळून पडला. पाना बसला, वरच्या भोकात फिरवायची दांडी घातली, बोल्ट कुरकुरला अन् फिरला. बघणारे ‘सुटला, सुटला’ म्हणाले. मलाही वाटलं, सुटले.

उजवीकडचा लोहाराचा चौकोनी, बारीक डोक्याचा. घरधन्यांनी न पाहता लहान नळीपाना उचलला, भिंतीवर तसाच आपटला, खड्ड्यात घातला. बसेना. काढला, फिरवून घातला. डोक्यावर टेकायचा, पण आत घ्यायचा नाही. त्यांना वाटलं आपलीच चूक झाली, हा जाड डोक्याचा असेल. मोठा घेतला, आपटून त्यातला गूळ पाडला. तो बसला, पण खुळखुळला. त्यांनी तरी हळूच जोर दिला. पाना डोक्यावरून घसरला अन् दांडी पट्टीवर आदळली. तो धक्का माझ्या हाडातून गेला.

मला त्यांचं तोंड दिसत होतं. घामानं निथळत होते, अन् लहान पाना एका हातात, मोठा दुसऱ्या हातात. असा हरवलेला माणूस मी पाहिला नाही. ज्याला जीनमधला एकूणएक बोल्ट पाठ, त्याला बायकोचा हात अडकला तिथला बोल्ट ओळखू येईना. मला त्यांची दया नाही आली. खोटं कशाला बोलू? मला राग आला. रोज संध्याकाळी माझ्यासमोर पुसत बसायचे ते याच्यासाठीच का?

ते माझ्याजवळ वाकले अन् हळू आवाजात म्हणाले, “लहान बसत नाही वं, अन् मोठा हालते. मधला पाना दुनियेत नाही.”

मग सुरू झाली लोकांची अक्कल. कोणी कमी-जास्त होणारा पाना आणला, तो खड्ड्यात शिरेना. कोणी म्हणालं छिन्नीनं डोकं उडवा. एक घाव घातला तोच मी अशी किंचाळले की घालणाऱ्याच्या हातातून हातोडा पडला. लोहाराकडे माणूस धावला, तो परत आला की लोहार सणाला गावी गेला, घराला कुलूप. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. एक बाई मला पदरानं वारा घालत होती अन् एक तळपायाला कांदा चोळत होती. जखम मांडीला अन् मलम शेंडीला. मी म्हटलं, माझ्या पोरीला घेऊन जा कोणी इथून. कोणी नेलं नाही. ती रडत राहिली, अन् माझा डावा हात तिच्यापर्यंत पोचत नव्हता.

घरधनी पुन्हा मोठा पाना घालायचे. त्यात फडक्याची चिंधी कोंबून पाहिली. पुन्हा घसरला. दर घसरण्याबरोबर बोल्टाचा एकेक कोन जात होता. त्यांना ते कळत होतं, मलाही कळत होतं, कारण त्यांनीच मला शिकवलं होतं. शेवटी त्यांनी खड्ड्यात बोट घालून डोकं चाचपलं अन् बोट बाहेर काढून बघत बसले. म्हणाले, आता एकदाच घसरायची जागा राहिली. त्यानंतर डोकं गोल.

म्यानेजरनं दवाखान्यात माणूस पाठवला होता. डॉक्टर येईपर्यंत काही जमलं नाही तर हात इथंच उतरवावा लागेल, जीव तरी वाचेल, असं तो घरधन्यांना बाजूला घेऊन सांगत होता. बाजूला म्हणजे किती, मला सगळं ऐकू येत होतं. घरधनी मान हलवत होते. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळेना. उजवा हात. भाकर थापायचा, पोरीला न्हाऊ घालायचा, कुंकू लावायचा हात. तो गेल्यावर माझं मागं उरतं काय? मी त्या म्यानेजरला ओरडून म्हटलं, “हात तोडाचा असन तं पहिले तुमचा तोडा, मंग माहा!” एवढं बोलल्यावर अंगातलं बळच गेलं अन् मी मान मशिनीच्या पत्र्यावर टेकवली.

लहान पाना त्यांनी त्या पत्र्यावरच टाकून दिला होता, माझ्या नाकासमोर. शेंदरानं माखलेला, तोंड माझ्याकडे. मी त्याच्याकडे पाहत होते, दुसरीकडे पाहायला जागाच नव्हती. त्या तोंडातून एक मुंगी बाहेर आली. मग दुसरी आली. दुसरीच्या तोंडात पिवळा कण होता. रांग पत्र्यावरून चालत माझ्या हाताकडे निघाली, अन् एक मुंगी पात्याच्या फटीतून दिसणाऱ्या माझ्या बोटावर चढली. ती चढताना मला दिसली. बोटाला कळली मात्र नाही. तेव्हा त्याचा अर्थ माझ्या ध्यानात आला नाही, कारण मला भलतंच सुचलं होतं.

मी म्हटलं, “ऐका ना. याच्या तोंडात गूळ हाये.”

त्यांना वाटलं मला वात झाला. ते माझ्या कपाळावर हात ठेवायला लागले. मी त्यांचा हात झटकला. “गूळ हाये त्यात, तुमीच तं चारला! तो लहान नाही, तो भरलेला हाये. मुंग्या पाहा!”

त्यांनी पाना उचलून तोंडात बोट घातलं. सहा कोनी पान्यातला गूळ आपटून गळला, पण हे तोंड अरुंद, अन् तेलातला शेंदूर वरून बसून त्याचा दगड झाला होता. आतला चौकोन तळाशी बुजला होता. म्हणून डोकं आत जात नव्हतं. पाना पहिल्यापासून बरोबर होता.

मी डाव्या हातानं अंबाड्यातला आकडा उपसून दिला. त्यांनी तो कोपऱ्या-कोपऱ्यातून फिरवला, फुंकर मारली, कोणी आणून दिलेलं गरम पाणी ओतलं, पुन्हा आकडा फिरवला. लाल-पिवळा चिखल त्यांच्या धोतरावर सांडत होता. मग त्यांनी पाना खड्ड्यात घातला. आवाज आला, डबीचं झाकण बसल्यासारखा. झिजलेल्या कोनांनीही धरलं. त्यांनी डोळे मिटून दांडी ओढली अन् बोल्ट सुटला.

पातं उचललं. पदर कापला. हात बाहेर आला तेव्हा चपटा, पांढरा, पण अख्खा. घरधनी माझ्यापुढे मटकन बसले अन् एकेक बोट मोजायला लागले. पाचही बोटं भरली. मग तो माणूस सगळ्या जीनदेखत, म्यानेजरदेखत, माझा हात स्वतःच्या डोळ्यांना लावून रडला. लोकांनी नारळ फोडला. आपट्याचं सोनं आणून कोणी माझ्या ओटीत टाकलं. मी घरधन्यांना विचारलं, तुम्ही बोटं दाबता आहात ना? ते म्हणाले, हो. माझ्या बोटांना काहीच कळत नव्हतं.

दवाखान्यात हात काळा पडत गेला. डॉक्टर भला माणूस होता, त्यानं बरेच उपाय केले. शेवटी म्हणाला, फार वेळ दबून राहिला, रक्तच पोचलं नाही; लवकर सुटला असता तर वाचला असता. ‘लवकर’ हा शब्द ऐकल्याबरोबर घरधनी उठून बाहेर गेले. हात कापला तेव्हाही ते बाहेर भिंतीला टेकून बसले होते, असं शेजारणीनं मला नंतर सांगितलं.

त्यांनी जीन सोडलं. आम्ही धामणगाव बढ्याजवळ आमच्या गावी आलो अन् मळ्यात भाजीपाला लावायला लागलो. मी एका हातानं भाकर थापायला शिकले. पहिल्या भाकरी कुत्र्यानंही हुंगून सोडल्या. पोरीला न्हाऊ घालायचं काम घरधनी करायचे. गावात बाया हसायच्या, ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

पुढची खंडेनवमी आली. यांनी पाट मांडला, त्यावर फावडं, खुरपं, विळा, अन् मधोमध तो लहान नळीपाना. जीन सोडताना म्यानेजरकडून मागून आणला होता, मला सांगितलं नव्हतं. घासून लखलखीत केलेला. कुंकू फक्त नळीला बाहेरून, अन् गूळ वाटीत, वेगळा, लांब. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी विचारलं, याला कशाला पूजता? ते म्हणाले, “ह्यानंच तं सोडवलं तुले.” आरती झाली. सवयीनं त्यांच्या तोंडून निघालं, “हात जोड वं.”

आरतीतली वात तडतडत होती. त्यांनी आरती खाली ठेवली, माझा डावा हात उचलला, अन् त्याच्यासमोर आपला उजवा तळवा आणून टेकवला. नमस्काराला टेकवतात तसा. मी हात हिसडून घेतला.

“तुमचा नोको,” मी म्हटलं. “मले माहा पाह्यजे.”

त्यांचा हात हवेत तसाच राहिला, मग त्यांनी तो धोतराला पुसला.

त्याच्या पुढच्या खंडेनवमीला ‘हात जोड’ म्हणाले नाहीत. आरती ठेवली अन् तळवा नुसता पुढे धरला. मी बराच वेळ पाहत राहिले. मग टेकवला माझा. त्यांच्या तळव्याला दांडीचे घट्टे होते, जीन सोडून इतके दिवस झाले तरी. त्यानंतर दर वर्षी आमचा नमस्कार असाच. पोरीच्या लग्नात, सत्यनारायणाला, गावच्या देवळात. बाया पहिल्यांदा हसल्या, मग हसायच्या थांबल्या. काही वेळा भांडण झालेलं असायचं, बोलणं बंद असायचं, तरी आरती झाली की तो तळवा यायचाच.

घरधनी जाऊन आता बरेच पावसाळे झाले. खंडेनवमीला मागून झालेल्या पोराची बायको, माझी सून, पाट मांडते, पाना अजून मधोमध असतो. मी डावा हात एकटाच धरला की ती म्हणते, “एका हातानंबी पोचते देवाले, आत्याबाई.” पोचत असेल. देवाचं मला माहीत नाही. आरती झाली की मी तळवा पुढे करते, अन् सगळे उठून गेले तरी सवयीनं तसाच धरून ठेवते.